सायबाचा हात खंय गेलो? गोव्याच्या आर्चडायोसीसला खुलं पत्र

गोवा आणि दमण आर्चडायोसीसचे माननीय कार्डिनल, आणि जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकेतले सर्व फादर यांना,

सादर नमस्कार.

मी सावंतवाडीकडचा माणूस. विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. मी ख्रिस्ती नाही, आणि खरं सांगायचं तर देवळातही फक्त लग्नकार्याला जातो. तरीही सोळाव्या शतकातला ख्रिस्ती धर्मप्रचारक सेंट फ्रान्सिस झेवियर याच्या शवप्रदर्शनाच्या रांगेत मी चार वेळा उभा राहिलो आहे. पहिल्यांदा १९७४ च्या डिसेंबरात, आठ वर्षांचा असताना. शेवटचं २०२४ मध्ये, गुडघ्याला पट्टा बांधून. त्यामुळे हे पत्र लांबून दगड मारणाऱ्याचं आहे असं कृपया समजू नका. सायब (झेवियरला गोव्यात "गोंयचो सायब" म्हणतात) आमच्याही घरातला आहे.

१९७४ साली माझ्या वडिलांना क्षय झाला होता. औषधपाणी चालू होतं, दंडावर इंजेक्शनं टोचून टोचून गाठी आल्या होत्या. आईने तिच्या परीने सगळीकडे साकडं घातलं होतं. गावची सातेरी, आरवलीचा वेतोबा आणि गोंयचो सायब. वडील बरे झाले. मग नवस फेडायला आई मला घेऊन बसने पणजीला आणि तिथून जुन्या गोव्याला गेली. रांग संपता संपत नव्हती. कोणी खाजें विकत होतं, कोणी मेणबत्त्या. से कॅथेड्रलच्या आत शिरल्यावर एकदम गारवा आणि मेणाचा वास. काचेच्या पेटीपाशी आलो तेव्हा आईने मला कडेवर घेतलं. काळपट, वाळलेला चेहरा, जरीचे कपडे, पाय. आणि मी मोठ्याने विचारलं, "आये, ह्येचो उजवो हात खंय गेलो?"

"गप रव. पाया पड."

मागून एक म्हातारी हसली, एवढंच. आईला माहीत नव्हतं. रांगेतल्या कोणालाच माहीत नव्हतं असं मला वाटतं. तो हात कुठे गेला हे मला तिशी उलटल्यावर कळलं, तेही एका ग्रंथालयात जुनी पुस्तकं चाळताना. आज पन्नास वर्षांनी, चौथ्या रांगेनंतरही, त्या प्रश्नाचं उत्तर तिथे उभ्या असलेल्या माणसाला कोणी आपणहून सांगत नाही. माझी तक्रार म्हटली तर एवढीच आहे. पण ती मांडायला थोडं मागे जावं लागेल.

झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर वारला. वय ४६. चीनमध्ये शिरायचं स्वप्न होतं आणि नेणारी बोट येत नव्हती. तापाने फणफणलेला, सोबतीला अंतोनियो नावाचा चिनी तरुण. त्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते बहुतांशी या अंतोनियोमुळे. पुरताना पेटीत देहाच्या वरखाली चुना भरला. उद्देश अगदी व्यवहारी होता: मांस लवकर झिजावं आणि पुढे जहाज परत जाईल तेव्हा हाडं भारतात नेता यावीत. फेब्रुवारी १५५३ मध्ये, अडीच महिन्यांनी, खड्डा उकरला तर देह जसाच्या तसा. इथून अखंड देहाची कथा सुरू होते.

आता यातला चुना बघा. चुन्याने मुडदा विरघळतो असं आपल्याकडेही लोक समजतात. कोकणात प्लेगच्या दिवसांच्या गोष्टी सांगताना म्हातारी माणसं हेच सांगायची. पण गेल्या काही वर्षांत डुकरांचे मृतदेह चुन्यात पुरून संशोधकांनी प्रयोग केले आणि उलटंच दिसलं. चुना पाणी शोषतो, जंतूंना जगू देत नाही, देहाभोवती कवच धरतो. कुजणं थांबत नाही, पण रेंगाळतं. म्हणजे देह लवकर संपावा म्हणून जे केलं त्यानेच तो टिकायला मदत केली असण्याची दाट शक्यता आहे. त्यात चीनच्या किनाऱ्यावरचा हिवाळा. अडीच महिने ही फार मोठी गोष्ट राहत नाही.

मग देह आजच्या मलेशियातल्या मलाक्काला नेला. मार्च १५५३ ते ऑगस्ट १५५३, पाच महिने, तिथल्या टेकडीवरच्या चर्चमध्ये पेटीशिवाय पुरलेला. तिथे हिवाळा नाही, बारमाही उकाडा. पुन्हा उकरला तर पुन्हा बऱ्याच अंशी शाबूत. या पाच महिन्यांचं उत्तर एकट्या चुन्याने पूर्ण मिळत नाही, हे मी शंकेखोर असूनही मान्य करतो. आधीच वाळू लागलेला देह दमट मातीतही टिकू शकतो, चुन्याचा थर सोबत गेला असेल, अशा शक्यता आहेत. पण तेव्हा कोणी मोजमाप ठेवलं नाही. जिथे मोजमाप नाही तिथे "नीट सांगता येत नाही" हे उत्तर पुरेसं असतं. "नीट सांगता येत नाही, म्हणून चमत्कार" यातला "म्हणून" मात्र मी वर्गात कधी चालू दिला नाही.

१६ मार्च १५५४ ला देह गोव्यात आला. कॉस्मे साराइव्हा नावाच्या वैद्याने तो तपासला आणि पुढे चौकशीत साक्ष दिली की मसाले वगैरे भरून टिकवल्याची खूण नाही. ही साक्ष आपले लोक नेहमी पुढे करतात आणि ती महत्त्वाची आहेच. पण हा सोळाव्या शतकातला वैद्य, व्हाइसरॉयच्या पदरी, बाहेर अख्खं शहर दर्शनाला लोटलेलं. त्याच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही. त्याने जे पाहिलं ते त्या वेळच्या ज्ञानाने पाहिलं, इतकंच.

त्या गर्दीत एका पोर्तुगीज बाईने पायाचं चुंबन घेण्याच्या मिषाने बोट चावून तोडून नेलं, अशी कथा गोव्यात शेंबडं पोरही सांगतं. गंमत म्हणजे रांगेतल्या लोकांना बोटाची गोष्ट पाठ असते आणि अख्ख्या हाताची नसते.

तर हाताचं. १६१४ साली जेझुइट या झेवियरच्या पाद्रीसंघाचे रोममधले प्रमुख क्लाउदिओ आक्वाव्हिव्हा यांच्या हुकमावरून उजवा हात कोपराखालून कापला आणि रोमला पाठवला. तो आजही तिथे जेझू चर्चमध्ये आहे. हाच हात का, याचं कारण झेवियरच्याच पत्रात सापडतं. जानेवारी १५४४ च्या पत्रात तो लिहितो की बाप्तिस्मा देऊन देऊन हात थकून जातात. उरलेला दंडही पुढे निघाला, त्यातलं हाड मकावला आहे. आतले अवयवही काढून अवशेष म्हणून वाटले गेले. २०१८ साली तो रोममधला हात कॅनडाच्या दौऱ्यावर गेला तेव्हा विमानात त्याच्यासाठी वेगळं आसन घेतलं होतं. (आमच्या एसटीत आईला सावंतवाडीपर्यंत उभं राहून यावं लागलं होतं. असो.)

हे सगळं मी टवाळी म्हणून सांगत नाही. ज्या देहाला "अखंड" म्हटलं जातं तो माणसांनीच, भक्तीपोटी, चारशे वर्षांपूर्वी खंडित केला आहे. आणि आज तो वाळलेला आहे, हे पेटीपाशी दहा सेकंद थांबणाऱ्या कोणालाही दिसतं. आपणही हल्ली अधिकृत कागदांवर "पवित्र अवशेष" असा शब्द वापरता. शब्द बदलला याचं मला कौतुक आहे. पण रांगेत, बसमध्ये, टुरिस्ट गाइडच्या तोंडी अजून तेच: साडेचारशे वर्षं झाली, केस वाढतात, नखं वाढतात, कापडाला रक्त लागतं. २०२४ मध्ये माझ्या पुढे उभ्या असलेल्या कोल्हापूरकडच्या कुटुंबाला गाइडने नखांची गोष्ट सांगितली. त्यांच्यातली दहावीतली मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, खरं का?" मी म्हटलं, "मेल्यावर नखं वाढत नाहीत. कातडी आकसते, म्हणून लांब दिसतात." वडिलांना ते आवडलं नाही. स्वयंसेवक दोन हातांच्या अंतरावर उभा होता, तो काहीच बोलला नाही. त्या पोराचा दोष नाही. त्याला काय बोलायचं ते आपण सांगितलेलं नव्हतं.

इथे थोडं थांबून माझ्या बाजूचं सांगतो, नाहीतर वाचणारे म्हणतील की याला दुसऱ्यांच्या घरातली जळमटंच बरी दिसतात. आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. त्या झिजतात, म्हणजे देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो, ही आमच्या भागातली श्रद्धा. ठेवल्या जागी चामडं कसं खराब होतं यावर मी एका स्थानिक अंकात लिहिलं होतं आणि त्यानंतर सहा महिने मला बाजारात रामराम मिळत नव्हता. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्यायला लागला तेव्हा शाळेत मातीचा उंदीर, पितळेचा नंदी आणि शेवटी चहाची कपबशी अशा सगळ्यांना दूध पाजून मुलांना पृष्ठताण शिकवला. आमच्याकडे भिंत चालली आहे आणि रेडा वेद बोलला आहे. ज्या दाभोलकरांचं ऐकून आम्ही हे करायला शिकलो त्यांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेलेले असताना गोळ्या घातल्या. तेव्हा चमत्कारावर बोट ठेवण्याची किंमत मला माहीत आहे, आणि ती किंमत वसूल करणारे कोणत्याही एका धर्माचे नसतात हेही.

आणखी एक गोष्ट आधीच बाजूला काढतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये, प्रदर्शन तोंडावर आलेलं असताना, एका नेत्याने या देहाची डीएनए चाचणी करा अशी मागणी केली आणि गोव्यात रस्ते अडले. श्रीलंकेतल्या काहींचाही दावा आहे की हा देह त्यांच्या एका थोर बौद्ध भिक्खूचा आहे. माझं हे पत्र त्या रांगेत लावू नका. जी मागणी समोरच्या समाजाला खिजवण्यासाठी केली जाते ती शंका नसते, तो डिवचण्याचा प्रकार असतो. झेवियरने पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यात इन्क्विझिशन (धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय) आणा अशी मागणी केली होती, तो इतिहास आहे आणि त्यावर बोललंच पाहिजे, पण त्याचा हिशेब एका वाळलेल्या देहाकडून आणि आज त्याच्यापुढे गुडघे टेकणाऱ्या कोळणीकडून चुकता करायचा नसतो. देह झेवियरचाच आहे असं कागदपत्रांच्या साखळीवरून मलाही वाटतं.

पण एक विसरू नका. आपण ज्याला पहिलं प्रदर्शन म्हणून मोजता ते १७८२ सालचं, १० ते १२ फेब्रुवारी असं तीन दिवसांचं, कशासाठी झालं होतं? १७५९ मध्ये पोर्तुगीजांनी जेझुइटांना हाकललं. त्यांनी जाताना खरा देह पळवला आणि दुसराच ठेवला अशी कुजबुज गोव्यात सुरू झाली. ती थांबवायला पेटी उघडून लोकांसमोर ठेवली. म्हणजे हा सोहळाच मुळी शंकेच्या पोटी जन्मलेला आहे. शंका घेणाऱ्या गोवेकरांना तेव्हाच्या चर्चने शिव्याशाप दिले नाहीत. या, बघा, म्हणाले. २०२४ चं अठरावं प्रदर्शन त्याच "बघा"चं वंशज आहे. मी त्या परंपरेतच बोलतो आहे असं मला वाटतं. फक्त आता "बघा"च्या जोडीला "वाचा" हवं.

कारण झेवियरचा खरा माणूस त्याच्या पत्रांत आहे, आणि तो त्याच्या चमत्कारांपेक्षा मला मोठा वाटतो. संतपदाच्या वेळी त्याच्या खात्यावर भाषांचं वरदान जमा झालं: म्हणे तो न शिकता कोणतीही भाषा बोलायचा. पत्रं काय सांगतात? तमिळ किनाऱ्यावर तो तमिळ आणि त्याची स्वतःची अशा दोन्ही भाषा येणारी माणसं गोळा करतो, त्यांच्याकडून महाकष्टाने प्रार्थना भाषांतरित करून घेतो, घोकतो, आणि हातात घंटा घेऊन गावभर पोरं गोळा करत फिरतो. जपानहून १५४९ मध्ये लिहितो की लोक आमच्याबद्दल काय काय बोलतात आणि आम्ही मात्र भाषा येत नाही म्हणून त्यांच्यात पुतळ्यासारखे गप्प उभे. ज्याने परक्या किनाऱ्यावर नवी लिपी गिरवली आहे त्याला हे वाक्य कळेल. वरदान चिकटवलं की त्या माणसाचे सगळे कष्ट पुसले जातात.

मेलेलं पोर उठवल्याचंही तसंच. त्याच्या जुन्या चरित्रांत एक हकीकत येते: गोव्यातल्या एका पाद्रीने त्याला याबद्दल विचारलं तर तो ओशाळला आणि सांगू लागला की पोर माझ्याकडे आणलं ते जिवंतच होतं, मी ऊठ म्हटलं, ते उठलं, लोकांनी चमत्कार केला. खेकड्याची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक. आजच्या इंडोनेशियातल्या मोलुकस बेटांकडच्या समुद्रात वादळात क्रूस पडला आणि किनाऱ्यावर खेकड्याने तो नांग्यांत धरून आणून दिला. ही साक्ष नोंदली गेली ती घटनेला कित्येक दशकं उलटल्यावर. झेवियरच्या स्वतःच्या इतक्या पत्रांत खेकडा कुठेच नाही. ज्या माणसाने थकलेल्या हातांबद्दल आणि घोघऱ्या आवाजाबद्दल लिहिलं तो असला खेकडा विसरेल?

आजारी माणसं प्रार्थनेने बरी झाल्याचं मात्र तो स्वतः लिहितो, तेही सांगायला हवं. सगळ्या घरी जायला तो पुरा पडत नसे, म्हणून प्रार्थना पाठ असलेल्या पोरांना रोग्यांकडे पाठवायचा आणि बरेच बरे झाले असं त्याचं म्हणणं. इथे मला माझी आई आठवते. वडील बरे झाल्यावर डॉक्टरांचं नाव निघालं की ती म्हणायची, "औषद डाक्टरान दिल्यान, पण तां लागू केल्यान सायबान." मी मोठा झाल्यावर तिच्याशी यावर खूप वाद घातला. एकदा तिला विचारलं, आपल्या आळीतल्या शेवंताने पण नवस बोलला होता, तिच्या पोरासाठी, त्याच वर्षी. त्याचं काय? आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिचां नाय लागलां." बस. शेवंता त्या डिसेंबरात जुन्या गोव्याला गेली नाही. जायचं कशाला? रांगेत उभे असतात ते नवस फळलेले. न फळलेले घरी असतात, आणि त्यांची नोंद कुठल्याही वहीत नसते. बांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं वाहतात. ज्यांचे हातपाय बरे झाले नाहीत त्यांचं मेण कोणी मोजत नाही.

आपल्या चर्चला हे कळत नाही असं मला म्हणायचं नाही. उलट आहे. चमत्कार तपासायची शतकानुशतकं जुनी यंत्रणा आपल्याकडेच आहे. १५८७ पासून संतपदाच्या दाव्यात उलटतपासणी करणारा अधिकारी चर्चने स्वतः नेमलेला होता, लोक त्याला सैतानाचा वकील म्हणायचे. १९८३ मध्ये त्या पदाचं महत्त्व गेलं, ते मला चुकीचं वाटतं, पण तो आपला घरचा प्रश्न. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. बरं झाल्याचे सात हजारांवर दावे तिथे नोंदले गेले आणि चर्चने त्यातले सत्तरच्या आसपास चमत्कार म्हणून मान्य केले. शंभरातला एक. हा आकडा कुठल्याही नास्तिकाने दिलेला नाही. मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने नवे नियम काढले, त्यानुसार बिशपांनी दर्शनं, अश्रू ढाळणाऱ्या मूर्ती अशा घटना अलौकिक असल्याचं एरवी जाहीर करायचंच नाही, फार तर भक्तीला हरकत नाही एवढं म्हणायचं. २०१७ च्या सूचनांत अवशेषांना अस्सलपणाचा दाखला हवा आणि त्यांचा व्यापार नको हेही स्पष्ट आहे. या बाबतीत रोम आणि मी बरेच जवळ आहोत. दुरावा आहे तो रोमच्या कागदात आणि जुन्या गोव्याच्या रांगेत.

इटलीतल्या ट्युरिनच्या कफनाचं, म्हणजे येशूचा देह ज्यात गुंडाळला होता असं मानतात त्या कापडाचं, उदाहरण मला म्हणूनच आवडतं. १९८८ मध्ये चर्चने कापडाचे तुकडे ऑक्सफर्ड, झुरिक आणि ॲरिझोना इथल्या तीन प्रयोगशाळांना दिले. तिन्हींनी काळ काढला तो १२६० ते १३९० च्या दरम्यानचा. आणि हा निकाल ट्युरिनच्या कार्डिनलांनी स्वतः पत्रकारांसमोर सांगितला. १३८९ मध्येच फ्रान्समधल्या त्रुवाच्या बिशपाने पोपला कळवलं होतं की हे चित्रकाराचं काम आहे. सहाशे वर्षांपूर्वीचा तो बिशप माझ्या नास्तिक मित्रमंडळींपेक्षा धीट होता, कारण त्याच्या आसपास कोणीच नास्तिक नव्हतं. निकालावर अजून वाद घालणारे आहेत, घालोत. कापड अजून ट्युरिनमध्ये आहे, बाहेर काढलं की लाखो लोक येतात. तपासल्याने श्रद्धा मेली नाही.

उलटं टोक मुंबईत दिसलं. ते आपल्या हद्दीत नाही, तरी आपला आवाज मोठा आहे म्हणून लिहितो. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्याच्या इर्ल्यातल्या वेलंकणी चर्चजवळच्या क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकायला लागलं. लोक ते पाणी तीर्थ म्हणून गोळा करायला लागले. सनल एडमारुकू नावाचे विवेकवादी तिथे गेले, मागची भिंत बघितली, जवळच्या स्वच्छतागृहाचं तुंबलेलं गटार बघितलं, आणि केशाकर्षणाने पाणी भिंतीतून वर चढून खिळ्याच्या भोकातून येतंय हे दाखवलं. केशाकर्षण शाळेच्या पुस्तकातलं. दिव्याची वात तेल वर ओढते तेच. टीव्हीवर ते चर्चबद्दल पैसे, अंधश्रद्धा असं बरंच कडक बोलले, हे खरं. मग काही कॅथलिक संघटनांनी धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली, २९५अ, तक्रारी केल्या आणि अटक टाळायला ते फिनलंडला गेले.

मला सांगा, त्या दिवशी चर्चवर खरे उपकार कोणी केले? गटाराचं पाणी पोराबाळांच्या तोंडी जात होतं ते थांबवणाऱ्याने की तक्रार लिहिणाऱ्याने? मी आपल्या जागी असतो तर प्लंबर पाठवला असता आणि एडमारुकूंना चहाला बोलावलं असतं. कडक बोलला म्हणून चहात साखर कमी घातली असती, फार तर.

आणि चमत्काराची झळ लागते ती माझ्यासारख्या पोटभरल्या शंकेखोराला नाही. माझ्याबरोबर शिकवणारा एक चांगला गणिताचा मास्तर होता. मधुमेह. एका प्रार्थनासभेत त्याच्या डोक्यावर हात ठेवून तो बरा झाल्याचं माइकवरून जाहीर केलं. ती सभा कॅथलिकांची नव्हती, आपला तिच्याशी संबंध नाही, आणि असल्या सभा भगव्या कापडाखालीही भरतात. त्याने गोळ्या बंद केल्या. चार महिन्यांनी पायाची जखम भरेना तेव्हा दवाखान्यात गेला. तो वाचला, पाय घोट्यापासून गेला. मला त्याचा राग सभेवर होताच, पण त्याहून जास्त माझ्यावर आला, कारण स्टाफरूममध्ये रोज समोर बसूनही मी "श्रद्धेचा विषय आहे, कशाला बोला" म्हणून गप्प राहिलो होतो. मदर तेरेसांच्या पहिल्या चमत्काराच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या ज्या बाईची गाठ गेली, तिला तपासणारे सरकारी डॉक्टर सांगत होते की तिने क्षयाची औषधं घेतली होती. पुन्हा क्षय. पुन्हा माझ्या आईचं वाक्य. मदरांनी रस्त्यावरून उचललेल्या माणसांना त्या गाठीचा चमत्कार हवा होता का?

तर मागणी. डीएनए नको, पेटी फोडायला नको, प्रदर्शन बंद करायला नको. पुढचं प्रदर्शन रिवाजाप्रमाणे २०३४ मध्ये येईल. त्या आधी, शक्य तर येत्या ३ डिसेंबरच्या फेस्तालाच, पेटीकडे जाणाऱ्या वाटेवर एक पाटी लावा. कोंकणीत, मराठीत, इंग्रजीत, आणि तमिळ-मल्याळममध्येही, कारण तिकडूनही लोक येतात. स्वयंसेवकांना तो मजकूर पाठ करायला लावा. गाइडांना द्या. मराठी मसुदा मी करून सोबत जोडतो आहे, मोबदला काही नको.

"हा सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा देह आहे. मृत्यू ३ डिसेंबर १५५२, सांचियान बेट, चीन. पुरताना पेटीत चुना घातला होता. अडीच महिन्यांनी देह काढून मलाक्काला नेला, तिथे पाच महिने पुरला. १६ मार्च १५५४ ला गोव्यात आणला. उजवा हात १६१४ मध्ये कोपराखाली कापून रोमला पाठवला, दंडाचं हाड मकावला आहे. आतले अवयव काढलेले आहेत. देह आता सुकलेला आहे. त्याचे केस आणि नखं वाढत नाहीत. आजारी असाल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांचं औषध चालू ठेवा. हा देह टिकून राहणं हा चमत्कार आहे की नाही, याबद्दल गोव्याच्या चर्चचं म्हणणं असं: ........................"

शेवटची ओळ मी मोकळी सोडली आहे. ती आपण भरायची. रांगेतला माणूस पाटीसमोर पाचेक मिनिटं तरी उभा असतो, तेवढ्या वेळात वाचून होईल असा मजकूर ठेवला आहे.

आपला,
सावंतवाडीचा एक निवृत्त मास्तर